सोपी वाट सोडवत का नाही?

३० सप्टेंबर २०२५ या दिवशी अमेरिकेतील एक जुनी सेवा कायमची बंद झाली. टेलिफोनच्या साध्या तारेवरून घरातील संगणकाला इंटरनेटशी जोडून देणारी ही ‘डायल-अप’ सेवा ‘अमेरिका ऑनलाइन’ म्हणजेच ए.ओ.एल. या कंपनीची होती. सेवा बंद झाली याचे फारसे कोणाला नवल वाटले नाही. ती तोपर्यंत चालू होती याचे मात्र वाटले! तिच्याहून शेकडो पटींनी वेगवान सेवा बाजारात येऊन कितीतरी वर्षे लोटली होती. मग ही मंद सेवा पैसे मोजून वापरणारे लोक कोण होते? आणि ते तिला इतकी वर्षे धरून का राहिले?

तुम्ही चटकन म्हणाल, “आळस, दुसरे काय!” किंवा “म्हाताऱ्या माणसांना संगणकातले काय कळणार?” पण विद्यार्थी मित्रहो, विज्ञानाचा अभ्यासक पहिल्याच उत्तरावर समाधान मानत नाही. एखाद्या घटनेची जेवढी कारणे संभवतात तेवढी तो समोर मांडतो आणि एकेक कारण पुराव्याच्या कसोटीवर घासून पाहतो. आपणही तसेच करू या. घटना परीक्षानळीतील नाही, माणसांच्या वागण्यातील आहे. पण तपासण्याची पद्धत तीच.

तारेवरचा आवाज

प्रथम ही डायल-अप सेवा म्हणजे काय ते समजून घेऊ. टेलिफोनची तार माणसाचा आवाज वाहून नेण्यासाठी टाकलेली असते. सेकंदाला सुमारे ३०० ते ३,४०० कंपने एवढ्याच पट्ट्यातील ध्वनी ती नीट नेते. बोलणे कळायला तेवढे पुरते. संगणकाची भाषा मात्र शून्य आणि एक या दोनच चिन्हांची. ही चिन्हे आवाजाच्या रूपात बदलून तारेवर सोडणारे आणि समोरून आलेल्या आवाजातून पुन्हा चिन्हे काढणारे जे उपकरण, त्याचे नाव मोडेम. जोडणी करताना मोडेममधून जो किंचाळल्यासारखा, खरखरीत आवाज येई, तो म्हणजे दोन मोडेमचे आपसातील बोलणेच असे. ‘तार किती स्वच्छ आहे? किती वेगाने बोलू या?’ हे ती दोघे त्या काही सेकंदांत ठरवीत असत.

या पद्धतीचा कमाल वेग सेकंदाला ५६ हजार बिट एवढा होता. बिट म्हणजे एक शून्य किंवा एक एकक. आता एक साधे गणित करा. मोबाइलवर काढलेले एक छायाचित्र ५ मेगाबाइटचे आहे असे धरा. त्यात सुमारे ४ कोटी बिट असतात. ४ कोटींना ५६ हजारांनी भागले तर उत्तर येते ७१४ सेकंद, म्हणजे जवळजवळ १२ मिनिटे. तेच छायाचित्र सेकंदाला १० कोटी बिट नेणाऱ्या आजच्या जोडणीवरून अर्ध्या सेकंदाच्या आत येते. शिवाय डायल-अप चालू असताना त्या तारेवरून घरच्यांना टेलिफोन करता येत नसे, हे निराळेच!

नवशिक्यांसाठी थाटलेली सेवा

अशी ही सेवा लोकप्रिय कशी झाली? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९८५ साली ‘क्वांटम कॉम्प्युटर सर्व्हिसेस’ नावाच्या कंपनीने कमोडोर ६४ या घरगुती संगणकाच्या मालकांसाठी एक सेवा सुरू केली. टेलिफोन जोडला की खेळ, बातम्या आणि इतर सभासदांशी गप्पा. १९८९ मध्ये या कंपनीच्या सेवेला ‘अमेरिका ऑनलाइन’ हे नाव मिळाले. स्टीव्ह केस हे तिच्या उभारणीतील प्रमुख नाव. ज्याला संगणकातले काही कळत नाही अशा माणसालाही ही सेवा वापरता आली पाहिजे, हा तिचा आग्रह होता.

या आग्रहाचे मोल कळायचे तर १९९४ च्या सुमारास एखाद्या साध्या इंटरनेट कंपनीकडून जोडणी घेणाऱ्याला काय काय करावे लागे ते पाहा. मोडेमला द्यायच्या आज्ञा स्वतः टंकाव्या लागत. संगणक इंटरनेटशी बोलू शकावा म्हणून एक निराळा प्रोग्राम मिळवून बसवावा लागे. त्यात ठिपक्यांनी तोडलेले लांबलचक आकडे अचूक भरावे लागत. मग पत्रांसाठी एक प्रोग्राम, चर्चागटांसाठी दुसरा, चित्रांसहित पाने पाहण्यासाठी तिसरा. एक आकडा चुकला की सारे मुसळ केरात!

ए.ओ.एल.ची रीत साधी होती. टपालाने एक फ्लॉपी घरी येई. पुढे फ्लॉपीची जागा सीडीने घेतली. ती संगणकात घातली की प्रोग्राम आपला आपणच मोडेम शोधी, एका मोफत क्रमांकाला टेलिफोन लावी आणि तुमच्या गावाजवळचे क्रमांक तुमच्यापुढे मांडी. त्यांतील एक निवडायचा, स्वतःसाठी एक नाव घ्यायचे, की झाले. पत्रे, गप्पा, बातम्या, मुलांचे खेळ, सारे एकाच पडद्यावर, मोठ्या चित्रांच्या बटणांमागे. पत्र आले की एलवूड एडवर्ड्‌झ या निवेदकाच्या १९८९ साली ध्वनिमुद्रित केलेल्या आवाजात संगणक बोलून सांगे की तुम्हाला पत्र आले आहे. अशा फ्लॉप्या आणि सीडी कंपनीने अक्षरशः कोट्यवधी वाटल्या. २००२ मध्ये अमेरिकेतील तिच्या सभासदांची संख्या सुमारे २ कोटी ६७ लाखांवर पोहोचली.

आपल्याकडेही अशी विभागणी होती. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगम या सरकारी कंपनीमार्फत. त्या वेळी विद्यार्थ्यांसाठी जे स्वस्त खाते मिळे त्यात पडद्यावर नुसती अक्षरे दिसत. चित्रे नाहीत, बटणे नाहीत, प्रत्येक आज्ञा टंकून द्यायची. ज्यांनी ते खाते वापरले त्यांना सोपेपणाची किंमत निराळी सांगावी लागत नाही.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. वेगवान जोडण्या आल्यावरही लोक ए.ओ.एल.कडेच का राहिले? चार कारणे संभवतात.

कारण पहिले : दुसरी वाटच नव्हती

वेगवान इंटरनेटसाठी केबल, काचतंतू किंवा खास सुधारलेली तार घरापर्यंत आणावी लागते. शहरात एका किलोमीटरच्या तारेवर शेकडो घरे जोडली जातात. अमेरिकेच्या ग्रामीण भागात मात्र दोन घरांमध्येच कित्येक किलोमीटर अंतर असू शकते. एका घरासाठी एवढी तार टाकायला कंपनी सहजी तयार होत नाही. टेलिफोनची तार मात्र तेथे आधीपासून पोहोचलेली असते.

पुरावा काय? अमेरिकेच्या जनगणना कार्यालयाच्या २०२३ सालच्या पाहणीनुसार सुमारे १ लाख ६३ हजार घरांत इंटरनेटसाठी केवळ डायल-अपच होते. म्हणजे हे कारण काही लोकांच्या बाबतीत खरे असू शकते. अशा माणसाला ‘आळशी’ म्हणणे म्हणजे ज्या गावात एस.टी. जात नाही तेथील माणसाला ‘चालत का येतोस?’ असे विचारण्यासारखे आहे.

पण एकट्या या कारणाने भागत नाही. २०११ च्या जानेवारीत ‘द न्यू यॉर्कर’ या साप्ताहिकात केन ऑलेटा या पत्रकाराचा ए.ओ.एल.विषयी लेख आला. कंपनीच्याच एका माजी अधिकाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे डायल-अपचे पैसे भरणाऱ्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोकांना त्या सेवेची गरजच नव्हती, असे त्यात नमूद होते. त्यांच्याकडे दुसरी, वेगवान जोडणी आलेली होती. तरीही जुन्या सेवेचे पैसे ते दरमहा देतच होते! म्हणजे पुढे शोधायला हवे.

कारण दुसरे : हाताला बसलेली सवय

मराठी टंकलेखनाचे उदाहरण घ्या. जुन्या टाइपरायटरवर ज्यांनी रेमिंग्टन पद्धतीने टंकलेखन शिकून घेतले, त्यांच्यापैकी अनेकजण संगणकावरही तीच पद्धत वापरत राहिले. भारतीय लिप्यांसाठी ठरवलेली इनस्क्रिप्ट पद्धत अधिक पद्धतशीर आहे. तिच्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, वर्णमालेच्या क्रमाला धरून मांडलेली आहेत. एक लिपी शिकली की इतर भारतीय लिप्याही त्याच जागी सापडतात. मग जुना टंकलेखक ती का घेत नाही?

समजा, तो रेमिंग्टनवर मिनिटाला ३० शब्द टंकतो. इनस्क्रिप्ट घेतल्याच्या पहिल्या दिवशी त्याची गती ५ शब्दांवर येईल. काही आठवड्यांनी ती १५ होईल, काही महिन्यांनी पुन्हा ३०. म्हणजे पुढच्या डोंगरावर चढण्यासाठी त्याला आधी दरीत उतरावे लागते. नवशिक्याला ही दरी नसते, कारण तो मुळातच पायथ्याशी उभा असतो! शिवाय जुनी सवय नुसती निरुपयोगी होत नाही, ती आडवी येते. बोट आपोआप जुन्या जागेवर जाते. सायकलचे ब्रेक उजवे-डावे अदलून पाहा, म्हणजे याची प्रचीती येईल. अर्थात मोकळ्या मैदानातच!

ए.ओ.एल.च्या सभासदाचेही असेच झाले. पत्र कोठे लिहायचे, नातवाचे छायाचित्र कोठे साठवायचे, हे त्याच्या हाताला माहीत होते. ‘इंटरनेट’ आणि ‘ए.ओ.एल.’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हेच कित्येकांच्या लक्षात आलेले नव्हते. ही चूक त्यांची कशी म्हणावी? दोन्ही गोष्टी एकाच फ्लॉपीतून आल्या होत्या आणि शिवण दिसू नये अशाच बेताने जोडलेल्या होत्या.

या कारणाला एक चांगला पुरावा मिळतो. डिसेंबर १९९६ पासून ए.ओ.एल.ने तासागणिक आकार घेणे सोडून महिन्याला १९.९५ डॉलर असा एकच दर ठेवला. अमेरिकेत गावातल्या गावात केलेल्या टेलिफोनलाही बहुतेक घरांतून मिनिटागणिक पैसे पडत नसत. मग काय विचारता! लोक तासन्‌तास जोडणी चालू ठेवू लागले. कंपनीचे मोडेम अपुरे पडले आणि १९९७ च्या सुरुवातीला कितीदा टेलिफोन लावला तरी ‘लाइन व्यस्त’ असाच सूर ऐकू येऊ लागला. अनेक राज्यांच्या सरकारी वकिलांनी दखल घेतल्यावर कंपनीला ग्राहकांना परतावा देण्याचे मान्य करावे लागले. तेवढ्याच पैशांत अमर्याद जोडणी देणाऱ्या दुसऱ्या कंपन्या त्या वेळी होत्या. तरीही त्या वर्षाच्या अखेरीस ए.ओ.एल.चे सभासद १ कोटीच्या पुढे गेले! इतरांकडे नुसती वाट मिळत होती. येथे वाट, वाटाड्या आणि मुक्कामाची जागा असे तिन्ही मिळत होते. सोपेपणासाठी लोक गैरसोय सोसायला तयार होते.

कारण तिसरे : पत्ता बदलण्याची किंमत

तुमचे कुटुंब एका घरातून दुसऱ्या घरात राहायला गेले तर टपालखात्याला कळवता येते. काही काळ तुमची पत्रे नव्या पत्त्यावर पाठवली जातात. ई-मेलचे तसे नाही. ई-मेलच्या पत्त्याचे दोन भाग असतात. ‘ॲट’ या चिन्हाच्या डावीकडे तुमचे नाव, उजवीकडे सेवा देणाऱ्या कंपनीचे नाव. पत्र पाठवणारा संगणक इंटरनेटवरच्या नावांच्या नोंदवहीत डोकावून विचारतो, “या उजवीकडच्या नावाची पत्रे कोणते यंत्र घेते?” उत्तर येते कंपनीच्या यंत्राचे. पत्र तेथे जाऊन पडते. तुम्ही कंपनी सोडलीत आणि तिने खाते बंद केले, की तुमचा पत्ताही गेला.

आता मोजा. तो पत्ता तुम्ही कोणाकोणाला दिला आहे? नातेवाईक, मित्र, बँक, दवाखाना, शाळा, विमा कंपनी. शंभर ठिकाणी दिला असेल तर शंभर ठिकाणी कळवावे लागेल. त्यांतील एक-दोन ठिकाणे हमखास विसरतील आणि नेमके महत्त्वाचे पत्र तेथूनच येईल! वर्षे जातात तशी ही यादी वाढतच जाते. म्हणजे सोडण्याची किंमत दरवर्षी चढत जाते. अर्थशास्त्रात हिला ‘बदलाची किंमत’ म्हणतात. सेवेच्या दरपत्रकात ती कोठेही छापलेली नसते.

ही अडचण निसर्गनियम नाही, ती माणसाने केलेल्या रचनेतून येते. हे मोबाइलच्या उदाहरणावरून कळते. पूर्वी मोबाइल क्रमांकाच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून तो कोणत्या कंपनीचा ते समजे आणि कंपनी बदलली की क्रमांकही बदलावा लागे. भारतात २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर, क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय झाली. ‘हा क्रमांक सध्या कोणाकडे आहे?’ हे सांगणारी एक सामायिक नोंद ठेवली, एवढाच त्यातला मुख्य फरक. क्रमांक कंपनीचा न राहता ग्राहकाबरोबर जाऊ लागला.

मग ए.ओ.एल.च्या सभासदांना पत्त्याने बांधून ठेवले असे म्हणता येईल का? येथे निसर्गानेच जणू एक प्रयोग करून ठेवला आहे. ऑगस्ट २००६ मध्ये कंपनीने जाहीर केले, की ज्यांच्याकडे दुसऱ्या कोणाची वेगवान जोडणी आहे त्यांना ए.ओ.एल.चा पत्ता फुकट वापरता येईल. म्हणजे पत्ता राखण्यासाठी पैसे भरण्याची गरजच उरली नाही. पत्ता हेच एकमेव कारण असते तर वेगवान जोडणी असलेल्या साऱ्यांनी पैसे भरणे थांबवायला हवे होते. सभासदांची संख्या त्याआधीच घटू लागली होती, ती पुढेही घटत गेली. पण २०१५ मध्ये व्हेरायझन या कंपनीने ए.ओ.एल. विकत घेतली तेव्हाही सुमारे २१ लाख लोक डायल-अपचे पैसे भरतच होते. आणि २०११ च्या त्या लेखातील गरज नसलेले ग्राहक तर पत्ता फुकट झाल्यानंतरचेच! म्हणजे आणखी एक कारण शोधणे भाग आहे.

कारण चौथे : उद्या करू!

जॉर्ज अकरलॉफ हे अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ काही काळ भारतात राहिले होते. त्यांना भेटायला त्यांचे मित्र जोसेफ स्टिगलिट्झ आले. परत जाताना विमानातील सामानाच्या मर्यादेमुळे स्टिगलिट्झ यांना कपड्यांचे एक खोके मागे ठेवावे लागले. ते टपालाने पाठवण्याचे काम अकरलॉफ यांच्याकडे आले. कामाला एक अख्खा दिवस लागेल असा त्यांचा अंदाज होता. रोज सकाळी ते ठरवीत, उद्या नक्की पाठवू. असे आठ महिन्यांहून अधिक काळ चालले! शेवटी अमेरिकेला परतणाऱ्या दुसऱ्या एका मित्राच्या सामानातून ते खोके गेले. ही हकिकत अकरलॉफ यांनी स्वतःच १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्याख्यानात सांगितली आहे. या दोघा मित्रांना २००१ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. म्हणजे ‘उद्या करू’ हे काही बुद्धी कमी असल्याचे लक्षण नाही!

मग असे का होते? समजा, तुम्ही न वापरत असलेल्या एका सेवेचे दरमहा ३०० रुपये जातात, म्हणजे दिवसाला १० रुपये. ती बंद करायला दोन तासांची खटपट आहे. आज मनात तुलना होते ती अशी : एका बाजूला आजच्या आज दोन तासांचा ताप आणि दुसऱ्या बाजूला एक दिवस पुढे ढकलल्याने होणारे १० रुपयांचे नुकसान. दहा रुपयांसाठी आज कोण डोके पिकवणार? ‘उद्या’ जिंकतो. दुसऱ्या दिवशी तराजूत तीच वजने असतात, त्यामुळे निकालही तोच लागतो. प्रत्येक दिवसाचा निर्णय वेगळा पाहिला तर ठीक वाटतो. पण २४० दिवसांनी बेरीज केली तर २,४०० रुपये गेलेले असतात.

दरमहा पैसे क्रेडिट कार्डावरून आपोआप कापले जात असले की हे आणखी पक्के होते. तेथे सेवा चालू ठेवायला काहीच करावे लागत नाही, बंद करायला मात्र करावे लागते. जे आधीपासून चालू आहे तेच पुढे चालू ठेवण्याकडे माणसाचा कल असतो, हे तपासून पाहिलेले आहे. कॅलिफोर्नियातील वीजग्राहकांची एक पाहणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. ग्राहकांचे दोन गट होते. एका गटाची वीज क्वचित जाई, दुसऱ्या गटाची बऱ्याचदा. दोघांपुढेही निरनिराळ्या दरांचे आणि निरनिराळ्या खात्रीचे सहा पर्याय ठेवले. त्यांत सध्याची स्थितीही होती. दोन्ही गटांतील सुमारे ६० टक्के लोकांनी आपापली सध्याचीच स्थिती पसंत केली. दुसऱ्या गटाची स्थिती निवडणारे दोन्हीकडे शेकडा सहाच्या आसपासच निघाले. दोन्ही गटांची आवड जन्मतःच एवढी भिन्न होती असे मानणे कठीण आहे. जे हाताशी होते तेच त्यांना बरे वाटले.

माणसाचा हा कल कंपन्यांनाही ठाऊक असतो. ए.ओ.एल. बंद करायला टेलिफोन करणाऱ्यांना तेथील कर्मचारी जाऊ देत नाहीत, अशा तक्रारी न्यू यॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांकडे आल्या. ग्राहकाला थोपवून धरणाऱ्या कर्मचाऱ्यांना बक्षिसी मिळत होती. २००५ मध्ये कंपनीने राज्याला साडेबारा लाख डॉलर देण्याचे आणि ही पद्धत सुधारण्याचे मान्य केले. म्हणजे ‘दोन तासांची खटपट’ दर वेळी आपोआप उद्भवत नाही; कधी कधी ती मुद्दाम वाढवलेली असते.

चारही कारणांची बेरीज

आता सारे एकत्र मांडू. दुर्गम भागातील शेतकऱ्याला पहिले कारण लागू पडते. बटणांच्या जागा पाठ झालेल्या आजीबाईंना दुसरे. शंभर ठिकाणी पत्ता दिलेल्या दुकानदाराला तिसरे. आणि सेवा वापरतही नसताना पैसे भरणाऱ्याला चौथे. बाहेरून पाहिले तर चौघांचे वागणे एकसारखेच दिसते. कारणे मात्र चार निराळी. ताप अनेक रोगांत येतो, म्हणून डॉक्टर सर्वांना एकच औषध देत नाही. तसेच हे आहे. पहिल्याला तार हवी, दुसऱ्याला शेजारी बसून धीराने शिकवणारे कोणी हवे, तिसऱ्याला पत्ता बरोबर नेण्याची सोय हवी आणि चौथ्याला वहीत मांडलेला हिशेब हवा. ‘आळस’ हे एकच लेबल चौघांना लावले, की चारही उपाय हातातून निसटतात.

सोपी सेवा वाईट असते असा याचा अर्थ काढू नका. कोट्यवधी माणसांनी इंटरनेटवर पहिले पाऊल टाकले ते अशाच सेवेमुळे. पोहायला शिकताना पाठीला डबा बांधतात, त्यात कमीपणा नाही. पण डबा सोडायची वेळ आली का, हे मधूनमधून पाहायला हवे. ते पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. ‘ही सेवा सोडू का?’ असे विचारू नका. कारण त्या प्रश्नाचे उत्तर ‘उद्या बघू’ असेच येते. असे विचारा : ‘ही सेवा आज माझ्याकडे नसती, तर आज या किमतीला मी ती नव्याने घेतली असती का?’ उत्तर ‘हो’ आले तर खुशाल राहा; तुमचे राहणे समजून-उमजून आहे. उत्तर ‘नाही’ आले तर चारांपैकी कोणते कारण तुम्हाला अडवते आहे, ते शोधा.

करून पाहा

१. आईवडिलांना विचारून घरातून दरमहा पैसे जाणाऱ्या सेवांची यादी करा : मोबाइल, इंटरनेट, टी.व्ही., वर्तमानपत्र इत्यादी. प्रत्येकीपुढे तीन रकाने आखा : केव्हापासून आहे, महिन्याचा खर्च किती आणि मागील महिन्यात किती दिवस वापरली. न वापरलेल्या सेवेचा वर्षाचा खर्च काढा.

२. प्रत्येक सेवेपुढे वरचा प्रश्न लिहा आणि घरातील प्रत्येकाचे उत्तर वेगवेगळे नोंदवा. उत्तरे जुळत नसतील तर का, यावर चर्चा करा.

३. आजीआजोबांना नवे ॲप किंवा नवा फोन वापरायला आवडत नसेल, तर ते काम पूर्वी कोणत्या पायऱ्यांनी करत होते ते त्यांच्याकडून समजून घ्या आणि लिहून काढा. नव्या साधनातील पायऱ्या शेजारी लिहा. किती पायऱ्यांची जागा बदलली ते मोजा. दरी किती खोल आहे ते तुम्हाला आकड्यांत कळेल आणि शिकवताना तुमचा आवाज आपोआप खाली येईल.

शिक्षकांनी वर्गातील सर्व याद्या एकत्र करून फळ्यावर एक तक्ता करावा. कोणत्या सेवेबाबत ‘नाही’ अशी उत्तरे सर्वाधिक आली, आणि तरीही ती का चालू आहे, याची कारणे वरील चार गटांत विद्यार्थ्यांकडूनच विभागून घ्यावीत. चारांत न बसणारे पाचवे कारण एखाद्या विद्यार्थ्याने शोधून काढले, तर त्याच्या पुराव्याचीही अशीच कसून तपासणी व्हावी.